‘भाडे भरतो, तर धूरही माझाच’ : या दाव्यात काय टिकते आणि काय नाही

जून उजाडला की लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरात खोल्या शोधणाऱ्यांची गर्दी होते, आणि त्याच सुमारास समाजमाध्यमांवर एक मजकूर फिरू लागतो. ‘घरात धूम्रपान करू नये’ ही करारातील अट म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. खासगी घरात सिगारेट ओढण्यास कायद्याची मनाई नाही. खिडकी उघडली की धूर निघून जातो. आणि ही अट जात विचारून घर नाकारण्याच्याच माळेतील आहे, असे त्याचे म्हणणे असते. यातील काही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच निष्कर्षही खरा वाटू लागतो.

कायद्याविषयीचे विधान खरेच आहे. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याचे चौथे कलम केवळ सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करते, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाची ठिकाणे व मॉल त्यात आणले तरी राहते घर आणलेले नाही. परंतु कायद्याने जे निषिद्ध नाही ते कराराने निषिद्ध करता येत नाही, हे त्यातून निघत नाही. खोलीत शिकवणी चालवू नये, भिंती फोडू नयेत, अशा अटी आपण रोज स्वीकारतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातील पंधरावे कलम भाडेकरूला संरक्षण देते ते भाडे वेळेवर भरणाऱ्याला आणि त्या कायद्याशी सुसंगत असलेल्या इतर अटी पाळणाऱ्याला. नुसते भाडे भरणे पुरेसे आहे, असे ते म्हणत नाही.

स्वातंत्र्याचा मुद्दा यापेक्षा वजनदार आहे. मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध असतात, असे सांगून तो पूर्वी निकालात काढता आला असता. पण २०२३ च्या कौशल किशोर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने राज्यघटनेच्या एकोणिसाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांतील, म्हणजे स्वातंत्र्याचे आणि जीविताचे, हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, असे म्हटले आहे. मात्र मग ते हक्क शेजाऱ्यालाही तितकेच मिळतात, आणि धुराच्या बाबतीत त्याची बाजू जुनी व भक्कम आहे : मुरली देवरा प्रकरणात २ नोव्हेंबर २००१ रोजी त्याच न्यायालयाने, धूम्रपान न करणाऱ्याला दुसऱ्याच्या धुराची झळ का सोसावी लागावी, असा प्रश्न एकविसाव्या अनुच्छेदाच्या आधारेच उपस्थित केला होता. तो आदेश सार्वजनिक जागांपुरता होता हे मान्य. त्यामागचा विचार मात्र भिंतीपाशी थांबत नाही. घरमालक खुद्द सरकार असेल तर काय, याचे उत्तर अमेरिकेत मिळते. तेथील सार्वजनिक गृहयोजनांत ३१ जुलै २०१८ पर्यंत राहत्या घरांसह आणि इमारतीभोवती २५ फुटांपर्यंत धूम्रपानबंदी लागू करण्यात आली, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या संघटनेने दिलेले आव्हान अपील न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळले.

खिडकीचा युक्तिवाद ज्याने लिहिला, त्याने मराठवाड्यातला मे महिना भाड्याच्या खोलीत काढलेला नसावा. एका गॅलरीवर चार-पाच दारे, प्रत्येक खिडकीला बाहेरून टेकवलेला कूलर, ही आपल्याकडची नेहमीची रचना. कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, आणि आतली हवा निघायला दार किंवा दुसरी खिडकी उघडी नसेल तर खोलीत नुसती चिकचिक होते. पॅडचे काम हवा थंड करणे आहे, धूर गाळणे नव्हे. म्हणजे गॅलरीत वा शेजारच्या खिडकीत सोडलेला धूर कूलर स्वतःहून वेचून नीटच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीच्या किंवा दम्याच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर आणून सोडतो, आणि चाळीस अंशांच्या वर पारा असताना ‘तुम्ही खिडकी लावून घ्या’ हा सल्ला निरर्थक ठरतो. हवा खेळती ठेवून किंवा यंत्राने स्वच्छ करून हा धोका नाहीसा होत नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तेथील सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालातच स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्याच्या धुराची कोणतीही सुरक्षित पातळी नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. उदबत्तीचाही धूर होतो, असा उपप्रश्न येतो. होतो, आणि शेजाऱ्याला त्याचा त्रास होत असेल तर तीही आवरावी.

भेदभावाच्या आरोपाला मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. ‘कोणत्या समाजाचे?’ हा प्रश्न आपल्या शहरांत खोली दाखवण्याआधी विचारला जातो, एकट्या मुलीला घर नाकारले जाते, आणि त्याविषयीचा राग रास्तच आहे. तरीही जात माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवून आत येता येत नाही. सिगारेट ठेवता येते. अट माणसावर नसून एका जागेतील एका कृतीवर आहे. ‘सिगारेट ओढणाऱ्यास घर मिळणार नाही’ अशी पाटी लावणारा मालक ही मर्यादा ओलांडतो, आणि तिथे मी भाडेकरूच्या बाजूने आहे. निकोटिनची सवय सुटणे अवघड असते आणि रात्री बारा वाजता रस्त्यावर जाऊन सिगारेट ओढणे बाईमाणसाला सोपे नसते, हेही खरे. म्हणून गच्चीचा एखादा कोपरा खुला ठेवणारा मालक मला अधिक शहाणा वाटतो.

गुटखा चालतो मग सिगारेट का नाही, हा टोमणा अर्धा लागू पडतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते आणि धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. जिन्यांचे कोपरे पाहिले तर हे आकडे वेगळे सांगावे लागत नाहीत. पण त्यावरचा उपाय थुंकण्याविरुद्धची अटही करारात घालणे हा आहे.

राहिला प्रश्न मालकांच्या मनमानीचा. अट तोंडी सांगितली की ती कायमची झाली, असे समजणाऱ्यांनी १९९९ च्याच कायद्याचे पंचावन्नावे कलम वाचावे. करार लेखी व नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणीचा खर्च वाचवून वर्षाच्या मध्यात नवी अट पुढे करणाऱ्या किंवा ती मोडली म्हणून पाणी तोडणाऱ्या मालकाला हा कायदा साथ देत नाही. अत्यावश्यक सेवा तोडण्यास त्याच्या एकोणतिसाव्या कलमात स्वतंत्र मनाई आहे.