काका, ते फोल्डर व्हायरस नाहीत, पण रंगांची चूक आमचीच

नमस्कार काका. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला दिलेला रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात त्याचं काही नाही, पण खाली "व्हायरस तसाच ठेवून पैसे घेतले" असं लिहिलंत ना, ते वाचून कालपासून दोघांनी आपली मशीनं परत तपासून मागितली, म्हणून फोनवर न बोलता इथेच लिहिते. जरा लांब होईल.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काका आंब्याच्या पेटीची लेबलं आणि लग्नपत्रिका करतात. त्यांचं डीटीपीचं, म्हणजे छपाईचं पान मांडायचं, सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि डॉक्युमेंट्समध्ये पाच नको असलेले फोल्डर आले, डिलीट केले की परत हजर. नंतर तेच फोल्डर मुंबईला मुलाच्या लॅपटॉपवर पण दिसायला लागले. आम्ही तीन दिवस मशीन ठेवलं, ६०० रुपये घेतले, फोल्डर काढायच्या ऐवजी लपवून दिले, वर त्यांचे रंग उडवले आणि फोन उचलला नाही, अशी तक्रार आहे. यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी मान्य करणार आहे, पण आधी व्हायरसचं बघू.

शनिवारी तुम्ही गोणपाटात गुंडाळून सीपीयू टेम्पोतून पाठवलात. आमच्याकडे कुठलंही मशीन आलं की पहिल्यांदा डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपची कॉपी आमच्या बाहेरच्या हार्डडिस्कवर जाते, मग बाकीचं. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) मग विंडोजचंच डिफेंडर ऑफलाईन स्कॅन लावलं, जे विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासतं, त्यामुळे लपून बसलेलं काही असेल तर तिथे सापडायची शक्यता जास्त. काही निघालं नाही. मग मी पाचही फोल्डर डिलीट केले आणि मशीन रात्रभर तसंच चालू ठेवलं. सकाळी एकही फोल्डर नाही. तुमचं सॉफ्टवेअर उघडलं आणि पहिली खिडकी येईपर्यंत पाचही परत, प्रॉपर्टीजमध्ये तयार झाल्याची वेळ बघितली तर बरोबर सॉफ्टवेअर उघडल्याच्या मिनिटाची.

इथेच कळलं होतं खरं, पण तुमच्यासारख्या माणसाला नुसतं "मला वाटतं" सांगून चालत नाही, म्हणून प्रोसेस मॉनिटर लावलं. हे मायक्रोसॉफ्टचंच फुकट टूल आहे. मूळ सिसइंटर्नल्स नावाच्या वेगळ्या लोकांची टूलं ही, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांना विकत घेतलं. ते काय करतं, तर मशीनमधला कुठला प्रोग्राम कुठल्या फाईलला हात लावतोय त्याची ओळन् ओळ दाखवतं. एका मिनिटात इतक्या ओळी पडतात की डोळे फिरतात, म्हणून फिल्टर लावायचा, पाथमध्ये, म्हणजे फाईलच्या पत्त्यात, त्या फोल्डरचं नाव असेल तेवढंच दाखव म्हणून. लावला, आणि समोर कोणाचं नाव तर तुमच्याच सॉफ्टवेअरच्या एक्झी फाईलचं, म्हणजे मूळ प्रोग्रामचं, पाचही वेळा, दुसरं कोणी नाही. त्याचा फोटो काढून तुम्हाला व्हॉट्सॲपला पाठवला होता. तुम्ही उलट लिहिलंत, "माका ता कायएक दाखवू नको, माका फोल्डर नको." ठीक आहे, पण म्हणून तो फोटो खोटा होत नाही ना.

आता सॉफ्टवेअर असं का करतं. काका, तुम्ही ट्रेडलवर, त्या जुन्या छपाईच्या मशीनवर, काम केलेलं, माझे सासरे आणि तुम्ही एकाच वेळी धंद्यात उतरलात, म्हणून त्याच भाषेत सांगते. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, केसमध्ये खण असतात बघा, 'ळ'चा खण रिकामा असला म्हणून कोणी फळी उपटून टाकत नाही, अक्षरं जुळवणारा जुळारी हात तिथेच नेणार. या नवीन व्हर्जनला टेम्प्लेट, रंग, एक्सपोर्टच्या सेटिंग, कायकाय ठेवायला असे खण लागतात. जुनं व्हर्जन ते गुपचूप आत ठेवायचं. विंडोजमध्ये ॲपडेटा म्हणून जागाच आहे त्याच्यासाठी, मुळातच लपवलेली. नव्याने ते खण बाहेर डॉक्युमेंट्समध्ये मांडले, न विचारता. उघडताना ते बघतं खण आहे का, नसला तर नवीन करतं. म्हणून डिलीट करून उपयोग नाही, तुम्ही काढत राहणार आणि ते घालत राहणार. दुसऱ्याच्या डॉक्युमेंट्समध्ये असं सामान मांडून ठेवणं मला स्वतःला अजिबात आवडलेलं नाही, पण आगाऊपणा वेगळा आणि व्हायरस वेगळा.

मुंबईच्या लॅपटॉपचं तर सोपं आहे. मुलाने गणपतीत घरी आल्यावर तुमच्या मशीनवर त्याच्याच अकाउंटने वनड्राईव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाईली ठेवायची सोय) चालू करून दिलं आणि बॅकअपला हो म्हटलं. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स तिन्ही क्लाऊडवर जातात आणि त्या अकाउंटचं जे दुसरं मशीन असेल तिथे दिसतात. म्हणजे तुमच्याकडे देवगडला फोल्डर झाला की मुंबईला दिसणारच, तुमचे हापूसचे लेबलही दिसत असणार तिकडे, त्याला विचारा. फुकटची जागा ५ जीबीच असते, तुमच्या मोठ्या फाईलींनी ती भरत आलीय, ते पण त्याला सांगा नाहीतर पुढच्या महिन्यात "सिंक होत नाही" म्हणून परत गोणपाट.

"मग काढून का नाही दिले?" हा तुमचा खरा राग आहे आणि तो मला समजतो. पाचातल्या तीन फोल्डरची जागा सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्समध्ये बदलता येते, ती मी बदलली, ते तीन आता डी ड्राईव्हला एका फोल्डरच्या पोटात आहेत, तुमच्या डॉक्युमेंट्समधून गेले. हे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं नाहीत. राहिले दोन. त्यांची जागा बदलायची सोयच दिलेली नाही. त्याच्यावर एक जुगाड असतो, फोल्डरच्या जागी त्याच नावाची एक रिकामी फाईल करून ठेवायची, बिनएक्स्टेंशनची (नावाच्या शेवटी .txt वगैरे काही नसलेली), मग त्या नावाचा फोल्डर होऊच शकत नाही. करून बघितलं. सॉफ्टवेअर दर वेळी उघडताना एरर द्यायला लागलं आणि एकदा एक्सपोर्ट करताना बंदच पडलं. एप्रिलच्या तोंडावर, पेट्या भरायला माणसं उभी असताना, तुमच्या मशीनवर असलं काही ठेवून देणं मला जमणार नाही. दुसरा उपाय डॉक्युमेंट्सची परवानगीच काढून घेणं, मग तुमच्या स्वतःच्या फाईलीही सेव्ह होणार नाहीत. तिसरा म्हणजे जुनं व्हर्जन परत टाकणं, तो मी तुम्हाला विचारला होता, पण अपडेटनंतर तुम्ही या सीझनची अकरा लेबलं नव्यात सेव्ह केलीत आणि ती जुन्यात थेट उघडत नाहीत, तुम्हीच म्हणालात नको.

म्हणून लपवले. राईट क्लिक, प्रॉपर्टीज, हिडनवर टिक. लपवलेला फोल्डर तुम्हाला दिसत नाही पण सॉफ्टवेअरला सापडतो, त्यामुळे ते नवीन करत नाही. याला तुम्ही "कचरा गोधडीखाली ढकलला" म्हणालात. कचरा असता तर ढकलला नसता हो. आणि आज परत ते दोन दिसतायत असं लिहिलंय, तर एक्सप्लोररमध्ये वर व्ह्यूमध्ये "हिडन आयटम्स"ला टिक पडली असेल, ती काढा, बस्स. त्यांचा रंग जरा फिका दिसत असेल तर नक्की हेच.

आता रंगांचं. इथे माझ्याकडे सांगायला काही सबब नाही. जे तीन फोल्डर हलवले त्यातला एक आमच्या मुलाने रिकामा समजून शिफ्ट-डिलीट केला, म्हणजे रिसायकल बिनमध्येही नाही. उघडल्यावर रिकामाच दिसत होता, कारण आतल्या फाईली लपवलेल्या होत्या. पण फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये बघितलं असतं तर फाईलींचा आकडा दिसला असता, शून्य नव्हता तो. त्याने बघितलं नाही आणि मी सोमवारी मशीन देताना सॉफ्टवेअर उघडून जुनी लेबलं तेवढी बघितली. जुन्या फाईलीत रंग त्या फाईलीबरोबरच असतात त्यामुळे सगळं ठीक दिसलं. नवीन कोरी फाईल उघडून रंगांचं पॅलेट बघायला हवं होतं, ते माझं काम होतं, मुलाचं नाही. तुमचा तो पेटीवरचा केशरी आणि देठाचा हिरवा, जो तुम्ही चार-चार प्रूफं काढून बसवलात, तो नवीन फाईलीत दिसेना म्हटल्यावर तुम्ही चिडणारच. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून लेबलावर मजकूर वाढलाय, जागा कमी, आणि त्यात गिऱ्हाईक पेटी ओळखतं ती रंगावरून, हे काय मला ठाऊक नाही का.

रंग गेले नाहीत काका. वर म्हटलं ना, मशीन आल्या आल्या कॉपी घेतली होती, त्यात ते फोल्डर जसंच्या तसं आहे. रिव्ह्यू वाचल्यावर रात्री मी ते आमच्या मशीनवर टाकून बघितलं, एकोणीस रंग आहेत, "केशरी पेटी जुना" आणि "केशरी पेटी खरा" असे दोन्ही. माफी मागते, आणि ती मनापासून.

फोनचं म्हणाल तर मंगळवारी अकरा ते चार लाईट नव्हती आणि रेंज पण गेली, तुमचा पहिला फोन मला आलाच नाही. दुसरा आला होता. मिस्ड कॉल बघितला, एकाच्या लॅपटॉपचा स्क्रीन बदलत होते, म्हटलं संध्याकाळी करते, आणि विसरले. लाईटवर ढकलण्यासारखं नाही ते.

पैशाचं पण इथेच. ६०० मधले २०० परत देणार, कारण रंगांमुळे तुमचा दिवस फुकट गेला तो आमच्यामुळे. ४०० देणार नाही. ते फोल्डर काढण्याचे नव्हतेच, ते कोण करतंय हे शोधण्याचे आणि तीन हलवण्याचे होते, आणि शोधून दिलं. लोकांना वाटतं काही "काढलं" तरच काम झालं, तसं असतं तर फॉरमॅट मारून हजार घेऊन मी पण मोकळी झाले असते, पुष्कळ ठिकाणी तेच करतात, आणि मग तुमचे मराठी फॉन्ट, की-बोर्डची सेटिंग, पंधरा वर्षांच्या पत्रिका शोधत बसा. तीन दिवस लागले त्यात रविवार होता. रॅमचे पाय खाऱ्या हवेने काळे पडलेले ते खोडरबराने पुसून दिले, त्याचे लावले नाहीत. हे सांगणार नव्हते, पण "बोगस" शब्द लागला जरा.

उद्या सकाळी आमचा मुलगा तुमच्याकडे येतोय. त्याच्याकडे पेनड्राईव्हवर रंगांचं फोल्डर असेल आणि पाकिटात २०० रुपये. फोल्डर डी ड्राईव्हला बाकीच्या दोघांशेजारी टाकून तो सॉफ्टवेअर बंद करून परत उघडेल, कोरी फाईल काढून एकोणीस रंग तुम्हाला मोजून दाखवेल. मोजल्याशिवाय त्याला सोडू नका, मी पण तसंच सांगितलंय त्याला. तोपर्यंत त्या दोन लपवलेल्या फोल्डरना हात लावू नका, आणि तुमच्या मुंबईच्या मुलाला वनड्राईव्हमधून काही डिलीट करायला सांगू नका, तिकडे केलं की इकडचं पण जातं. सॉफ्टवेअरचं आपोआप अपडेट मी बंद करून ठेवलंय, मे संपेपर्यंत ते तसंच राहू दे. रिव्ह्यू ठेवायचा की बदलायचा ते रंग बघून ठरवा.