यंदा मार्केट डाऊन हाय!

दर दिवाळीला तेच! कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या (धातू ओतायच्या कारखान्याच्या) भट्टीपुढं उभं राहून माझी पंधरा वर्षं गेली. पगारवाढ मागितली की उत्तर ठरलेलं, "यंदा मार्केट डाऊन हाय." आणि त्याच महिन्यात साहेबांच्या दारात नवी गाडी. माझ्या शर्टाला ठिणग्यांनी पडलेली भोकं बायको अजून शिवतेय. ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट, हातात पडतो सिंगलच.

शेअर बाजारातल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानं (कलम १९७) संचालकाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या (सगळ्यांना पगाराच्या क्रमानं उभं केलं तर बरोबर मध्ये येणाऱ्याच्या) किती पट, हे छापावं तरी लागतं. काही ठिकाणी शेकडो पट निघतो! आमची फाउंड्री शेअर बाजारात नाही, मग आम्हाला तेवढंही कळत नाही. मार्केट फक्त आमच्यापुरतंच कसं पडतं हो?