नकोशा कॉलची जोपासना

मोबाइलवर कर्ज, विमा, क्रेडिट कार्ड आणि समृद्धी महामार्गालगतचे भूखंड विकणाऱ्यांचे कॉल कसे थांबवावेत, हे सांगणारे पुष्कळ आहेत. ते जन्मभर अखंड कसे येत राहतील, हे सांगणारा कोणी नसल्यामुळे ती उणीव मी भरून काढायचे ठरवले आहे. यंदाच्या सोयाबीन खरेदीत मला जो प्रसाद मिळाला, त्यानंतर या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणी नाकारणार नाही.

सर्वप्रथम आपला नंबर मुक्तहस्ते वाटावा. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात मोटारसायकल बक्षीस असलेल्या सोडतीचा डबा दिसला, की नाव, गाव, नंबर, एकूण शेती आणि त्यातली ओलिताची किती, हे सगळे सुवाच्य अक्षरांत लिहून चिठ्ठी आत टाकावी. ती मोटारसायकल आजवर कोणाच्या दारात उभी राहिली, हे विचारू नये. दुचाकीच्या शोरूममध्ये किंवा कर्जाच्या अर्जावर जिथे बारीक अक्षरांत संमतीचा चौकोन असतो, तिथे न वाचता खूण करावी. ग्राहकाने स्वतःहून संमती दिलेली असली, की डीएनडीत, म्हणजे जाहिराती नको म्हणणाऱ्यांच्या यादीत, नाव असूनही त्या कंपनीला त्याला फोन करता येतो, आणि आपल्याला तेच तर हवे आहे.

अफवा आणि वस्तुस्थिती यांतून एक निवडायची वेळ आली, तर अफवा निवडावी; ती शुद्धलेखनाच्या चुकांसह आपल्या भाषेत घरपोच येते. ‘हॅश 90 किंवा हॅश 09 दाबू नका, दाबताच तुमचे सिमकार्ड त्याच्या ताब्यात जाईल’ हा निरोप आमच्या गावच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात नव्याने उगवतो. मुळात त्याचा मोबाइलशी काही संबंध नाही. परदेशातील काही कार्यालयांत बाहेरची लाइन घेण्यासाठी 9 दाबावा लागे, त्या जुन्या टेलिफोन यंत्रणेतल्या फसवणुकीचा तो इशारा होता, आणि तो समुद्र ओलांडून आमच्या पारापर्यंत आला. खरा धोका स्टार 401 ने सुरू होणाऱ्या आकड्यांत होता. ते आकडे आणि पुढे भामट्याचा नंबर दाबला, की आपल्याला येणारे कॉल त्याच्याकडे वळत आणि बँकेचा फोनवरून सांगितला जाणारा ओटीपीही त्यालाच ऐकू जाई. म्हणून तर दूरसंचार विभागाने असे आकडे दाबून कॉल वळवण्याची सोय 15 एप्रिल 2024 पासून स्थगित करायला लावली. ही बातमी मात्र ग्रुपवर कोणी टाकल्याचे मला आठवत नाही. तिच्याखाली ‘अकरा जणांना पाठवा’ असे लिहिलेले नव्हते, हे एक कारण असावे.

परदेशी नंबरवरचा कॉल नुसता उचलला, तरी तीन सेकंदांत फोनमधले सगळे नंबर चोरीला जातात, हेही खरे मानावे. आणि मग काय भानगड आहे ते पाहण्यासाठी त्याच नंबरवर उलट फोन करून आंतरराष्ट्रीय दराने पैसे घालवावेत.

‘ट्रायमधून बोलत आहोत, दोन तासांत आपला नंबर बंद होईल, अधिक माहितीसाठी 9 दाबा’ असे यंत्र बोलू लागले, तर 9 दाबावा. नंबर बंद करण्याबाबत आम्ही कोणालाही फोन करत नाही, असे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, वारंवार जाहीर केले असले, तरी यंत्राचा आवाज अधिक आत्मविश्वासाचा असतो.

डीएनडीच्या नादी तर मुळीच लागू नये. इंग्रजीत ‘स्टार्ट’, जागा सोडून 0, एवढा मेसेज 1909 वर पाठवला, की सगळ्या जाहिराती नाकारल्याची नोंद होते. त्याने बँकेचे व्यवहाराचे मेसेज आणि ओटीपी थांबत नाहीत. पण पारावरचे जाणकार सांगतात, की डीएनडी घेतले तर पीएम किसानचा हप्ता आल्याचे कळत नाही, आणि पारापुढे ट्रायची काय कथा! ‘डीएनडी घेऊनही कॉल येतातच’ हे त्यांचे दुसरे म्हणणे मात्र खरे आहे. नोंदणीकृत जाहिरातदारांसाठी 140 ने सुरू होणारे नंबर आहेत, बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवेच्या कॉलसाठी 1600 ने सुरू होणारे आहेत. ज्याला नियमच पाळायचा नाही, तो साध्या दहा आकडी नंबरवरून बोलतो, आणि ती यादी त्याला अडवू शकत नाही. त्याला अडवण्याचा मार्ग तक्रारीचा आहे, म्हणून त्याकडे आपण शेवटी वळू.

समोरचा बुलढाण्याचा निघाला, तरी त्याच्याशी हिंदीतच बोलावे.

आता मुख्य पथ्य. फोन कधीही सायलेंटवर ठेवू नये. शहरातले शहाणे लोक अनोळखी नंबर उचलतच नाहीत, असे ऐकतो. त्यांना ते परवडते. आपल्याकडे मात्र कामाचा प्रत्येक माणूस अनोळखी नंबरवरूनच बोलतो: मळणीयंत्रवाला, वेचणीच्या मजुरांची गाडी ठरवणारा, नवा बदलून आलेला लाइनमन, पंचनाम्याला निघालेला तलाठी, आणि जिल्हा रुग्णालयात आपल्या माणसाच्या शेजारच्या खाटेवर ज्याचा नातेवाईक आहे तो, कारण आपल्या माणसाच्या फोनची बॅटरी संपलेली असते. त्यामुळे आपण प्रत्येक कॉल उचलतो. फवारणीचा पंप पाठीवर असला, तरी हात पुसून उचलतो. पलीकडून कोणी तरी आपल्याला पाच लाख रुपये देऊ करत असते.

हमीभावाने सोयाबीन द्यायचे तर आधी नोंदणी करावी लागते आणि मग माल कधी आणायचा, त्याचा एसएमएस येण्याची वाट पाहावी लागते. 2025-26 साठी क्विंटलला 5,328 रुपये हा हमीभाव जाहीर झाला, आणि बाजारात व्यापारी काय देत होता, ते विदर्भातल्या वाचकाला मी सांगायला नको. ओलावा 12 टक्क्यांवर गेला की माल परत, म्हणून वाळवून ठेवलेली पोती घरात, वर आभाळ भरलेले, आणि सगळे घर त्या एका एसएमएसकडे डोळे लावून बसलेले. माझा एसएमएस आला, यात शंका नाही. तो ‘आपले कर्ज मंजूर झाले आहे’, ‘शेवटची संधी’, ‘आजच प्लॉट बुक करा’ अशा मेसेजांच्या खाली गाडला गेला. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाला जोडून पी असेल तर जाहिरात, एस असेल तर सेवा, टी असेल तर व्यवहार आणि जी असेल तर सरकारी, अशी अक्षरे आता लावलेली असतात. पण डोळ्यांवर चष्मा आणि स्क्रीनवर उन्हाची तिरीप असलेल्या माणसाने दिवसभर अक्षरेच निवडत बसावे, ही ज्या कोणाची अपेक्षा आहे, त्याने एकदा बांधावर उभे राहून ती निवडून दाखवावीत. खरेदी केंद्रावरच्या मुलाने आठवणीने फोनही केला. त्या वेळी एका खासगी कर्ज कंपनीची मुलगी मला ‘सर, बस एक मिनिट’ म्हणत होती. ‘सर, आपका सिबिल बहुत अच्छा है’ हे तिचे त्या दिवशीचे वाक्य मी जपून ठेवले आहे, कारण कर्जफेडीची पत दाखवणाऱ्या याच सिबिलच्या गुणांकडे बोट दाखवून एका बँकेने मला खरिपाच्या तोंडावर रिकाम्या हाताने परत पाठवले होते. तिचे एक मिनिट संपेपर्यंत केंद्राचा कॉल तुटला होता, उलट लावला तर लागेना, आणि माझी पाळी दुसऱ्याला गेली. ती मुलगीही पोटासाठीच दिवसभर लोकांच्या शिव्या खात असणार, म्हणून तिला मी काही म्हणणार नाही. तिच्या हातात माझा नंबर ठेवणाऱ्याला म्हणेन.

शेवटचा सल्ला, तक्रार करू नये. 2007 मध्ये कॉल नको म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय यादी झाली, 2010 मध्ये नवे नियम, 2018 मध्ये आणखी नवे, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांत दुरुस्ती. एवढे कागद झाल्यावर आपण आणखी एक कशाला वाढवावा? मी वाढवला. सात दिवसांच्या आत तक्रार करता येते, यादीत नाव नसले तरी करता येते, हे वाचून 1909 वर नंबर, तारीख आणि कॉल कशाचा होता, हे सगळे पाठवले. मोबाइल कंपनीकडून इंग्रजीत उत्तर आले, की तक्रार बंद करण्यात आली आहे. काय कारवाई झाली, त्याचा एक शब्द नाही. तोच आवाज पुढे दुसऱ्या नंबरवरून आला.

आता उपरोध पुरे. मोबाइल कंपन्यांनो, रिचार्ज संपायला तीन दिवस उरले की तुम्हाला आमचा नंबर तोंडपाठ असतो. एकाच सिमवरून दिवसभर अनोळखी लोकांना कॉल जातात, ते मात्र तुम्हाला दिसत नाहीत, हे आम्ही का मानावे? अशा कॉलची खोटी आकडेवारी दिली तर पहिल्यांदा 2 लाख, दुसऱ्यांदा 5 लाख आणि त्यापुढे दर वेळी 10 लाख रुपये दंड आहे. तुमच्यासाठी ही रक्कम काय आहे, ते तुम्हालाही ठाऊक आणि दंड ठरवणाऱ्यालाही.

आणि तुम्ही, पारावर बसून हे वाचणारे. पूर्वी कॉल करणाऱ्याविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी झाल्या, तर कारवाई होई. आता दहा दिवसांत पाच पुरतात. कंपनीला तीस दिवसांऐवजी पाच दिवसांत पाऊल उचलावे लागते. पहिल्या वेळी त्या माणसाचे बाहेर जाणारे कॉल पंधरा दिवस बंद होतात आणि पुन्हा सापडला तर त्याचे सगळे नंबर वर्षभरासाठी जातात. पाच तक्रारी! गावात त्या एकाच नंबरवरून किती जणांना कॉल आला, ते मी पारावर विचारले, तेव्हा हातांवर हात वर झाले, शिव्याही झाल्या आणि तक्रार माझी एकट्याची निघाली. हॅश 90 चा निरोप तुम्ही मध्यरात्री उठून पुढे पाठवता आणि 1909 वर एक ओळ लिहायला तुम्हाला वेळ नसतो. निदान घरी जाऊन म्हाताऱ्या आईबापाचा फोन हातात घ्या आणि त्यांच्या नंबरवरून तो स्टार्टचा मेसेज पाठवा. त्यांना तो स्वतः पाठवता यायचा नाही, कारण तो इंग्रजीत लिहावा लागतो, आणि मराठीत का चालत नाही, हे विचारायलाही तुमच्यापैकी आजवर कोणी गेलेले नाही.