कॉन्व्हॉयच्या नावानं चांगभलं!

ॲलन कॅलहॅमरने १९५९ साली पदरच्या पैशांनी ‘डिप्लोमसी’ या बोर्डगेमच्या ५०० प्रती काढल्या, तेव्हाच कोणीतरी त्यातलं कॉन्व्हॉयचं, म्हणजे आरमाराने सैन्य समुद्रापार नेण्याच्या नियमाचं पान फाडायला हवं होतं. सात देश, फासे नाहीत, गोड बोलायचं आणि गुपचूप ऑर्डर लिहायच्या. खेळ झकासच आहे. पण समुद्रातून सैन्य न्यायचं म्हटलं की डोक्याची मंडई!

काल मी फ्रान्स होतो. ब्रेस्टचं सैन्य थेट लंडनवर, इंग्लिश चॅनलमधलं माझं आरमार नेणार. त्या आरमाराला ब्रेस्टमधून बाहेर काढण्यातच एक सीझन, म्हणजे एक अख्खी चाल गेलेली, कारण किनाऱ्यावरच्या आरमाराला सैन्य उचलता येत नाही म्हणे. मग माणसं जहाजात चढतात कुठे, भर समुद्रात पोहत जाऊन? बरं, सोसलं.

ऑर्डरी उघडल्या. इंग्लंडचं आरमार वेल्समधून माझ्या चॅनलवर, त्याला सपोर्ट लंडनमधल्या आरमाराचा, म्हणजे हल्ल्याची ताकद दोन. मी खूश! लंडनवर तर माझंच सैन्य चाललंय. जमिनीवर सपोर्ट देणाऱ्याला नुसता धक्का मारला तरी सपोर्ट कट होतो, मग आत शिरता येवो न येवो. सपोर्ट कट, म्हणजे एकास एक, म्हणजे माझं आरमार जागेवर. हिशेब चोख.

तर आमचे नियमपंडित चष्मा कपाळावर चढवून पुस्तिका वाचायला लागले. कॉन्व्हॉयने येणारं सैन्य स्वतःच्याच आरमारावरच्या हल्ल्याचा सपोर्ट कट करू शकत नाही. का? तर आरमार टिकलं तर सैन्य पोचणार, सैन्य पोचलं तर सपोर्ट तुटणार, आणि सपोर्ट तुटला तरच आरमार टिकणार. कोंबडी आधी की अंडं! आणि हा गुंता सोडवायला मान कापली कोणाची? माझी.

वर गंमत बघा. ओळीने तीन आरमारं लावा, लंडनचं सैन्य एका ऑर्डरीत ट्युनिसला. पॅरिसहून शेजारच्या बर्गंडीत जायलाही तेवढाच वेळ. तिथे कोणाला तर्क आठवत नाही!

अर्धा तास भांडलो, पोहे गार झाले. आरमार हाकललं मिड-अटलांटिकमध्ये, सैन्य ब्रेस्टच्या धक्क्यावर वळकट्या बांधून उभं. पुढच्या वेळी चिठ्ठीत ऑस्ट्रिया निघू दे रे देवा. सुरुवातीला एकच आरमार, ट्रिएस्टमध्ये. तिथेच सडू दे.