१२६० चं ब्लँकेट आकसलं, त्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार साहेब, उत्तराला उशीर झाला, आधी आमच्याच पोरांना बसवून विचारलं नक्की काय झालं ते. तुमचं म्हणणं असं की भट्टीला आतून लावायच्या सिरॅमिक फायबरच्या ब्लँकेटवर १२६० डिग्री छापलंय, भट्टी १२३० च्या वर जात नाही, तरी दोन महिन्यांत सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या, म्हणजे माल डुप्लिकेट, आणि वर आम्ही 'महागडा कापूस' गळ्यात मारायला बघत होतो.

डुप्लिकेट नाहीये हो. १२६० हे क्लासिफिकेशन टेम्परेचर, म्हणजे चाचणीवरून दिलेला दर्जा, रोज चालवायचं ते त्याच्या शंभर-दीडशे डिग्री खाली. अॅल्युमिना-सिलिका वितळवून जो फायबर काढतो तो शेवटी काचेचाच प्रकार, हजारच्या आसपास त्यात मुलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक धरायला लागतात आणि तो आकसतो. तुम्ही पाठवलेला तुकडा आत्ता टेबलावरच आहे, आगीकडची बाजू पापडासारखी मोडतेय, मागची अजून मऊ. पण भट्टी कितीवर चालते हे ऑर्डर घेताना आमच्या माणसाने विचारलंच नाही, ती चूक आमची. पहिल्या दिवशीचा धूर मात्र नीडलिंगच्या, म्हणजे सुयांनी धागे एकमेकांत गुंतवतानाच्या, तेलाचा, तो एकदाच येतो.

आता तो महागडा कापूस. तो पॉलिक्रिस्टलाइन, म्हणजे काचेचा नाही तर बारीक स्फटिकांचा फायबर, ९५ टक्के अॅल्युमिना. अॅल्युमिना वितळायला दोन हजारच्या वर जावं लागतं आणि वितळला की इतका पातळ होतो की धागाच धरत नाही, म्हणून अॅल्युमिनियमच्या क्षाराचं सोल्युशन, थोडं सिलिका, पीव्हीए (डिंकासारखं चिकट पॉलिमर) असं काकवीसारखं घट्ट करून त्याचे धागे काढायचे, वाळवायचे, मग भाजायचे. भाजताना बाकी सगळं उडून जातं, ऑक्साइड तेवढं उरतं, घमेलंभर घाला नि ओंजळभर काढा. त्यात पावसाळ्यात खोलीतली ओल जरा इकडेतिकडे झाली की बॅच गेली. म्हणून तो रेट. पण १५०० च्या पुढे चालणाऱ्या भट्ट्यांचा माल तो, तुम्हाला लागतच नाही, कोटेशनमध्ये टाकला हे आमचं जरा अतिच झालं.

तुमच्या भट्टीला आगीकडून झिर्कोनियावालं १४२५ दोन थर, मागचं १२६० आहे तसंच राहू दे. १४२५ आमच्या कॉस्टला देतो, बसवायची मजुरी आमची. तोवर जुनं कोणाला ओढायला लावू नका, तापलेल्या फायबरच्या धुळीत क्रिस्टोबलाइट, म्हणजे फुफ्फुसाला घातक असं स्फटिक सिलिका, असू शकतं, रुमाल बांधून भागत नाही, मास्क आम्ही घेऊन येऊ. भट्टी कधी बंद असते तेवढं कळवा, यावेळी मी स्वतः येतो, थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) कुठे लावलाय ते पण बघायचंय, तिथे १२३० दाखवत असेल तर बर्नरसमोर किती असतं देव जाणे.