‘पाच महिने नुसते दगड’ या अभिप्रायास आमचे उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी तीन वेळा वाचला. सहा फुटी रीफ टाकीचे (समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचे) काम आमच्याकडे दिल्यापासून पाच महिने आपण काचेच्या पेटीत नुसते दगड आणि पाणी बघत बसलात, आपला एक मासा आमच्या ताब्यात आल्यावर मेला, दिवाणखान्यातल्या लाकडी जमिनीवर डाग पडला आणि फोन केला तर उचलला जात नाही, असे आपण लिहिलेत आणि एक तारा दिलात. डागाबद्दल आणि फोनबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. पाणी बदलताना माझ्या मदतनिसाच्या हातून खाऱ्या पाण्याची बादली कलंडली. त्याने जागा लगेच कोरड्या फडक्याने पुसली, पण ती आधी गोड्या पाण्याने पुसायला हवी होती. मीठ लाकडात मुरले आणि वाळल्यावर पांढरे उमटले. ही चूक सर्वस्वी आमची आहे. दोन दिवस आपला फोन घेतला गेला नाही, हेही खरे आहे आणि त्याला माझ्याकडे सबब नाही.

मात्र अभिप्रायाच्या शेवटी ‘ज्यांना काम येत नाही ते असाच वेळ काढतात’ हे जे वाक्य आहे, त्याला उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही. आमच्याकडे मी आणि एक मदतनीस अशी दोनच माणसे आहेत. एवढ्या मोठ्या टाक्यांची कामे वर्षातून मोजकीच मिळतात आणि तीही एकाने दुसऱ्याला सांगितल्यावर मिळतात. आपला अभिप्राय आल्यानंतरच्या चार दिवसांत, जवळजवळ ठरलेले एक काम त्या गृहस्थांनी ‘आम्ही जरा थांबतो’ असे सांगून थांबवले. म्हणून त्या पाच महिन्यांचा हिशेब मी माझ्या नोंदवहीतून इथे मांडत आहे.

आपण काम दिल्यापासून आज १५० दिवस झाले. त्यातले पहिले २२ दिवस बांधणीत गेले. टाकी ६ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. तिच्यात सुमारे ८५० लिटर पाणी मावते आणि काच, दगड, स्टँड, खालचा संप (पंप आणि फिल्टर असलेली खालची छोटी टाकी) हे सारे धरले तर त्या एका भिंतीलगत सव्वा टनाहून अधिक भार येतो. तो जमिनीला पेलेल का, हे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय मी काच कापायला दिली नाही. सांध्यांचे सिलिकॉन पूर्ण सुकू दिले आणि मग टाकी साध्या पाण्याने भरून गळतीसाठी ठेवली. त्यानंतर आपल्यासमोर तीन वेळा मुद्दाम वीज बंद करून पाहिली, कारण पंप थांबला की वरचे पाणी पाइपातून खाली येते आणि संपात त्याला जागा नसेल तर ते सरळ घरात येते. पाइपाला पाण्याच्या पातळीलगत जे बारीक छिद्र पाडले आहे ते हवा ओढून हा उतार थांबवते, हे आपण स्वतः वाकून पाहिले होते. आर.ओ.-डी.आय. यंत्रातून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य असलेले पाणी ठिबकत ठिबकतच मिळते. तेवढे पाणी जमवून त्यात जवळपास ३० किलो समुद्री मीठ विरघळवायलाही दिवस लागले. या २२ दिवसांबद्दल आपली तक्रार नसावी असे मी धरून चालतो.

पुढचे ३८ दिवस टाकी ‘सायकल’ होण्यात, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात वसण्यात गेले. आपण बरीच वर्षे गोड्या पाण्यातले मासे उत्तम सांभाळले आहेत आणि तिथे दहा-बारा दिवसांत मासे सोडता येतात, हे आपण मला अनेकदा सांगितलेत. आपला तो अनुभव मी कधी कमी लेखला नाही. पण त्या वेळी जुन्या फिल्टरमधला स्पंज नव्या टाकीत जातो आणि त्याच्यासोबत तयार जिवाणूही जातात. इथे आपण नको ते किडे घरात येऊ नयेत म्हणून कोरडे दगड निवडलेत. निवड योग्यच होती, पण कोरड्या दगडात जिवाणू नसतात. बाटलीतून घातलेले जिवाणू दगडांच्या छिद्राछिद्रांत वसायला वेळ लागतो. एका गटाने अमोनियाचे नायट्राइट करायचे, दुसऱ्याने नायट्राइटचे नायट्रेट करायचे, आणि दुसरा गट नेहमीच मागून येतो. शिवाय समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे गोड्या पाण्यातला मासा जिथे तग धरतो तिथे समुद्री मासा धरत नाही. आम्ही अमोनियाची मोजकी मात्रा घालून चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात का ते पाहत होतो. टेस्ट किटच्या नळीतला नायट्राइटचा जांभळा रंग उतरायला अडतिसावा दिवस उजाडला. तो दिवस मी लांबवला नाही आणि मला तो अलीकडेही आणता आला नसता.

त्याच दिवशी काच-दगडांवर साचलेले तपकिरी शेवाळ खाण्यासाठी आम्ही गोगलगाई सोडल्या आणि चौथ्या दिवशी दोन क्लाउनफिश आणले. हे दोन मासे आमच्या क्वारंटाइन टाकीत सहा आठवडे राहून, तपासून आलेले होते. आपल्या घरातली धाकटी मुलगी काचेला नाक लावून बसली होती आणि दिवे मालवेपर्यंत उठली नाही. मलाही त्या संध्याकाळी काम मार्गी लागल्याचे समाधान वाटले.

यानंतर जे घडले ते आपल्या अभिप्रायात कुठेच आलेले नाही आणि मला अन्याय वाटतो तो त्याचाच. क्लाउनफिश सोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी आपण बाहेरून एक ब्लू टँग (निळा समुद्री मासा) विकत आणलात, त्याची पिशवी पंधरा मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवलीत आणि मासा थेट टाकीत सोडलात. मला कळले ते त्यानंतर चौथ्या दिवशी, आपण कौतुकाने पाठवलेल्या छायाचित्रावरून. मी त्याच संध्याकाळी आलो. मासा सुंदरच होता, पण तो दगडाच्या कडेला अंग घासत होता आणि त्याचे कल्ले भरभर हलत होते. मी तेव्हाच त्याला बाहेर काढण्याचा आग्रह धरला होता. आपण ‘नवीन जागा आहे, रुळेल’ असे म्हणालात. माझ्या त्या भेटीनंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या परांवर आणि शेपटीवर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसू लागले.

हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा परजीवी असतो. टाक्या ठेवणारे त्याला ‘मरीन इक’ म्हणतात. माशाच्या अंगावर दिसतात ते ठिपके म्हणजे त्याच्या आयुष्याचा एक टप्पा असतो. काही दिवसांनी तो अंगावरून गळतो, दगडावर, वाळूवर किंवा गोगलगाईच्या कवचावर गाठ करून बसतो आणि ती गाठ फुटली की शेकडो पोहणारी पिल्ले मासा शोधत निघतात. दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. बहुतेक गाठी महिन्याच्या आत फुटतात, पण ७२ दिवसांपर्यंत उशिरा फुटलेल्या गाठींचीही नोंद आहे. यावर तांब्याचे औषध चालते, परंतु ते मुख्य टाकीत घालता येत नाही. त्याने गोगलगाई मरतात, ते दगडांत शिरून बसते आणि पुढे प्रवाळांना घातक ठरते. म्हणून एकच मार्ग उरतो: सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचार करायचे आणि मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवायची.

१५० दिवसांपैकी हे ७६ दिवस असे गेले, म्हणजे निम्म्याहून अधिक. आपण अभिप्राय लिहिलात तो त्यातला ७२ वा दिवस होता आणि काल टाकी माशांविना असण्याचा ७५ वा होता.

‘निदान प्रवाळ तरी लावायचे’ असे आपण लिहिलेत. मलाही हात आखडता घ्यायला आवडले नाही. पण प्रवाळाचा तुकडा ज्या खुंटीवर चिकटवलेला असतो त्या खुंटीवरही तीच गाठ असू शकते, आणि एखादी नवी गाठ आत गेली की दिवस पुन्हा एकपासून मोजावे लागतात. ती जोखीम मी आपल्या टाकीत घेतली नाही. या अकरा आठवड्यांत दर आठवड्याला येऊन मी क्षारता, अल्कलिनिटी (पाण्याचा पीएच स्थिर ठेवण्याची क्षमता) आणि कॅल्शियम तपासले, जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य घातले आणि या फेऱ्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत. रात्री टाकीचे दिवे मालवल्यावर टॉर्च लावून पाहिलेत तर काचेवर टाचणीच्या डोक्याहून लहान कोपेपॉड नावाचे जलजीव धावताना दिसतील. डावीकडच्या कमानीच्या दगडावर गुलाबी ठिपके उमटले आहेत. ते गोगलगाईंच्या कवचांवरून आलेले कोरलाइन शेवाळ आहे. त्या टाकीत ‘नुसते दगड’ राहिलेले नाहीत, हे मला मनापासून सांगावेसे वाटते.

ब्लू टँगबद्दल. तो आमच्या उपचाराच्या टाकीत तिसऱ्या दिवशी सकाळी दगावला. हा परजीवी अंगावर दिसतो त्यापेक्षा कल्ल्यांत जास्त असतो आणि तिथे झालेली हानी औषध सुरू होण्याआधीच झालेली असते. त्या दोन रात्री मी दुकानातच थांबलो होतो. आपला फोन घेतला गेला नाही ते हेच दोन दिवस. सकाळी आपल्याला कळवायचे धाडस मला दुपारपर्यंत झाले नाही, ही माझी उणीव मी मान्य करतो. पण ‘यांच्या ताब्यात गेल्यावर मेला’ एवढेच वाचणाऱ्याला तो आमच्याकडे कोणत्या अवस्थेत आला हे कळत नाही. तो जगला असता तरी पूर्ण वाढीला एक फुटापर्यंत जाणारा आणि दिवसभर पोहणारा हा मासा ६ फुटी टाकीत मी शेवटी सोडला असता, पहिल्या आठवड्यात नव्हे.

आपण उतावीळ होतात असे मला म्हणायचे नाही. एवढा खर्च करून रिकामी टाकी रोज बघणे सोपे नसते, आणि कोणत्या टप्प्याला किती दिवस लागतील व मधल्या काळात काय टाळायचे हे मी तोंडी सांगितले, कागदावर दिले नाही. यापुढे तसा लेखी तक्ता कामाआधी देण्याचे ठरवले आहे आणि फोनसाठीही काहीतरी व्यवस्था लवकरच करत आहोत. झालेल्या गोष्टीचा आपल्याला जो मनस्ताप झाला त्याबद्दल पुन्हा क्षमस्व. हे सर्व वाचून आपल्याला योग्य वाटल्यास अभिप्रायात ब्लू टँग कधी आणि कसा आला तेवढे जोडावे, अशी विनंती आहे; तारे वाढवा असे मी म्हणत नाही.

आपले दोन्ही क्लाउनफिश आमच्याकडे सुखरूप आहेत. तांब्याचा महिनाभराचा उपचार पूर्ण होऊन ते स्वच्छ पाण्यात आहेत आणि हातातले खाद्य घेतात. त्यातला एक आता मोठा झाला आहे, दुसरा त्याच्यापुढे आडवा होऊन अंग थरथरवतो; म्हणजे मोठी मादी होणार आणि जोडी जमणार. आज ७६ वा दिवस आहे. उद्यापासून आपण सांगाल त्या संध्याकाळी त्यांना घेऊन येतो. त्या रात्री टाकीचे दिवे बंद ठेवावे लागतील, तेवढे धाकटीला आधी सांगून ठेवावे. येताना लाकडाचा डाग काढण्यासाठी सुतारही बरोबर असेल.

आपला विश्वासू,
टाकीचे काम करणारा