थंडीने जंतू मरत नाहीत

'हॉस्पिटल गार ठेवलं की जंतू मरतात' हा समज फार पक्का बसला आहे आणि तो चुकीचा आहे. फ्रीजमध्ये ४ अंशांवरही जंतूंची वाढ फक्त मंदावते. लिस्टेरिया नावाचा जंतू तर तिथेही वाढतो. ऑपरेशन थिएटर साधारण २० ते २४ अंशांवर असतं. एवढ्याने कोण मरणार?

जंतूंचा बंदोबस्त करते ती हवेची व्यवस्था. तासाला किमान २० वेळा बदलणारी, फिल्टरमधून गाळलेली हवा आणि बाहेरच्या पॅसेजपेक्षा आत जास्त दाब, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतून बाहेरच जाते. साध्या स्प्लिट एसीत यातलं काहीच नसतं, तो तीच हवा फिरवत राहतो.

मग गारवा कशाला? एक म्हणजे गाऊन, मास्क, ग्लोव्ह्ज आणि कधी एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा एप्रन घालून दिव्यांखाली तासन्‌तास उभे राहणाऱ्या सर्जनचा घाम जखमेत पडू नये म्हणून. दुसरं आणि मोठं कारण दमटपणा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते, नाहीतर बुरशी धरते, निर्जंतुक पॅक ओलसर होतात. त्यासाठी हवा एसीच्या गार नळ्यांवर (कॉइलवर) १२-१३ अंशांपर्यंत गार करून तिच्यातलं पाणी काढतात, मग पुन्हा थोडी गरम करून आत सोडतात. वीज वाचवायला हे रिहीट बंद केलं की खोली गारठते. आणि दमट वाटतं म्हणून नुसतं सेटिंग १६ वर आणणं तर उलटंच पडू शकतं: हवेतलं पाणी तेवढंच राहिलं आणि हवा थंड झाली, की सापेक्ष आर्द्रता वाढते, गार पत्र्यावर थेंब धरतात.

या सगळ्यात पेशंटचा विचार मागे पडतो, याचा मला मनापासून राग येतो. भूल दिल्यावर हातापायांच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतली उष्णता तिकडे पसरते आणि पहिल्या तासातच शरीराचं आतलं तापमान १ ते दीड अंशाने उतरू शकतं. ३६ च्या खाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, औषधांचा अंमल लांबतो, जखमेत संसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे जंतूंच्या नावाने केलेली थंडी जंतूंनाच मदत करते!

म्हणून गरम हवेचं ब्लँकेट भूल देण्याआधी अर्धा तास सुरू व्हायला हवं, सलाईन आणि रक्त ३७ अंशांपर्यंत गरम करून द्यायला हवं. पेशंटला थंडी वाजत असेल तर नातेवाईकांनी पांघरूण बिनधास्त मागावं. गरम पाण्याची पिशवी मात्र स्वतःहून ठेवू नका, भुलीत चटका कळत नाही आणि कातडी भाजते.